मामी, गाडी खुंट्याला लागली

मामी, तुम्हाला अलिबागहून घेऊन आलेल्या ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला रिव्हर्स जमत नव्हता.

तुम्ही असता तर पदर खोचून आधी त्याला विचारलं असतं, "लायसन कोनी दिलं रं तुला?" तळ्याच्या बांधावरून घरापर्यंत यायचं तर गाडी मागे मागेच आणावी लागते, हे तुम्हाला मी काय सांगायचं. तो पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. एक चाक बांधाच्या कडेवरून घसरलं तशी जमलेल्या बायका ओरडल्या. आत तुमच्या उशाशी तुमची लेक वनिता बसलेली. मी मोटरसायकल तशीच टाकली, मागे जाऊन उभा राहिलो, हात वर केला आणि ओरडलो, "डोंगराकडं! डोंगराकडं घे!"

त्यानं काच खाली केली. "काका, लेफ्ट का राइट ते सांगा ना."

"डोंगर दिसतो ना? मग त्याच्याकडं."

आला बिचारा. थोडं डोंगराकडं, थोडं तळ्याकडं करत मागचं दार ओट्याशी आलं आणि मी पत्र्यावर एक थाप मारली. एकच. गाडी जागच्या जागी थांबली. लोक माझ्याकडे बघायला लागले. मयताच्या गाडीवर कुणी थाप मारतं का? तुमचे धाकटे दीर म्हणालेसुद्धा, "पावनं, जरा दमानं." मी काही बोललो नाही. माझं न बोलणं तुम्हाला नवीन नाही. पण मामी, ओट्यापासून वीतभर अंतर राहिलं होतं. तुम्ही लावली असती तशीच लागली गाडी.

आता हे लिहितोय ते तुमच्या पहिल्या खुंट्यावर बसून. घर माणसांनी भरलंय, तेरावं व्हायचंय, म्हणून वनितानं आणि मी आपली राहायची गाडी तळ्याकाठी लावली आहे. समोरच्या दगडांवर गावातल्या बायका धुणं धुताहेत, पण बडवतात हळू. दुसऱ्या खुंट्यावर ठाण्याचं एक कुटुंब होतं. तुमचं कळल्यावर ते म्हणाले, आम्ही निघतो. मी म्हटलं, राहा. मामींनी आलेली गाडी कधी परतवली नाही. ते राहिले. त्यांची मुलं तुमच्या केळीच्या बेटाजवळ जाऊन उभी राहतात आणि तशीच परत येतात. तुम्ही त्यांना कसली गोष्ट सांगून ठेवली होती कोण जाणे.

तुम्हाला एक गोष्ट कधी कळली नाही. बंदरावर कंटेनर चढवायला ट्रेलरची रांग लागते तेव्हा आम्ही ड्रायव्हर लोक खाली उतरून गप्पा मारतो. त्यात मी सगळ्यांत गप्प. मला तिथं मुनी म्हणतात. पण तुमचा विषय निघाला की मुनीचं तोंड सुटायचं. "माझी सासू," मी सुरू करायचो आणि कुठकुठले ड्रायव्हर जवळ सरकायचे. साठी ओलांडलेली, नऊवारीतली बाई मागे उभी राहून हात दाखवते आणि खोलीएवढी गाडी मांजरीसारखी मागे मागे येते, हे कुणाला खरंच वाटायचं नाही. एक सरदारजी तर म्हणाला होता, "मुनी, तेरी सास को मेरी गाडी पे क्लीनर रख दे, डबल पगार दूँगा." सगळे हसले. मी पण हसलो, आणि आतून माझी छाती अशी फुगली होती की शर्टाचं बटण तुटावं.

हे तुम्हाला सांगायला काय जात होतं? तुमच्यासमोर मात्र "बरं चाललंय" याच्यापुढे माझी जीभ गेली नाही. आपल्यात सासू-जावई समोरासमोर फार बोलत नाहीत, ही त्याची एक सबब. खरं कारण दुसरं होतं. त्याच्याकडे येतो.

करोना ओसरत होता तेव्हाची गोष्ट. मांडव्याला रो-रो बोटीतून मुंबईच्या गाड्या उतरायला लागल्या होत्या. त्यातलं एक जोडपं कॅरव्हॅन घेऊन वाट चुकलं आणि आपल्या तळ्याशी आलं, कारण पुढे रस्ताच नाही. म्हणे, रात्रीपुरतं पाणी आणि लाइट मिळेल का? तुम्ही विहिरीवरून पाइप दिला, पंपाच्या डब्यातून वायर दिली. ती बाई तुम्हाला गाडीतली मोरी, चूल, बिछाना दाखवत होती आणि तुम्ही सगळं बघून म्हणालात, "म्हंजे म्हसच हाय की ही. पानी द्या, वैरन द्या, शेन काढा." त्यावरून तुमचा शब्द पडला, खुंटा. नळ, करंटचा डबा आणि सांडपाण्याचं भोक, असं जिथं तिन्ही असेल तो खुंटा. लोक फोनवर विचारायचे, "मावशी, या शनिवारी खुंटा मोकळा आहे का?" मुंबईची शिकलेली माणसं स्वतःला दावणीला बांधून घ्यायला तासभर बोटीत बसून येत होती आणि तुम्हाला त्याचं हसू आवरत नव्हतं.

पण पहिल्या दिवशी ती गाडी चिखलात रुतली, आणि तुम्ही वनिताला फोन केलात. "पावन्यांना धाड. त्यांना मोठ्या गाड्या कलतात."

लग्नाला पंधरा-सोळा वर्षं झाली होती, मामी. तुम्ही माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी उरणहून निघालो, करंज्याला तरीच्या बोटीत मोटरसायकल घातली, रेवसला उतरलो आणि तासाभरात तळ्यावर आलो. गाडी काढली. मग जाता जाता तुम्हाला क्लीनरची भाषा शिकवली. पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल. बाकी लेफ्ट आणि राइट. तुम्ही पदर डोक्यावर नीट ओढून, माझ्याकडे न बघता तळ्याकडे बघत सगळं ऐकून घेतलंत.

पुढच्या आठवड्यात तुम्ही "लेफ्ट, लेफ्ट" म्हणत एक गाडी सरळ भाताच्या खाचरात उतरवलीत.

मी पुन्हा आलो. तो मालक कपाळाला हात लावून बसलेला आणि तुम्ही तोंडात पदर कोंबून हसत होता. "अवो पावनं, माजा लेफ्ट त्याचा राइट होतो. त्ये तुमी सांगितलंच न्हाय." खरंच सांगितलं नव्हतं. आम्हा ट्रेलरवाल्यांच्या ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की सांगायचं सुचतच नाही. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही लेफ्ट-राइट सोडूनच दिलंत. "तल्याला कोन हलवनार न्हाय, डोंगराला कोन हलवनार न्हाय. मग त्यांच्याकडंच बोट करायचं." झालं. तल्याकडं, डोंगराकडं. पुण्याची माणसं असोत नाहीतर गुजरातची, दुसऱ्या दिवशी आपापसात तसंच बोलायची. "अरे, ती खुर्ची जरा तल्याकडं घे."

तो रिव्हर्स कॅमेऱ्यावाला आठवतो? त्याला तुमची गरजच नव्हती, त्याला सगळं पडद्यावर दिसत होतं. तुम्ही दोन पावलं बाजूला झालात आणि बघत राहिलात, आणि मग एकाएकी पळत जाऊन त्याच्या गाडीवर अशी थाप हाणलीत की तळ्यावरचे बगळे उडाले. तो खाली उतरला तो रंगाच्या काळजीनं. तुम्ही नुसतं वर बोट केलंत. आंब्याची फांदी आणि त्याच्या टपावरचा एसी यांच्यात चार बोटं राहिली होती.

"मावशी, ही फांदी तोडत का नाही?"

"ती आदी आलीय. तुमी आज."

तो इतका हसला की दर मोसमात यायला लागला. येताना तुमच्यासाठी बाकरवडी आणायचा. मी लांब उभा राहून हे सगळं बघितलंय, मामी. तुमचा पदर डोक्यावरून पडला होता आणि तुमच्या लक्षात नव्हतं. तुमचे केस पांढरे झालेत, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

भांडण झालं ते सांडपाण्यावरून. नळ झाला, करंट झाला, तिसऱ्या गोष्टीची मला घाई होती. मी म्हटलं, पाइप ओढ्यात सोडून देऊ, पाऊस आला की वाहून जाईल. तो ओढा तळ्यात येतो हे मला माहीत होतं. सगळं जग तेच करतं, असंही म्हणालो. तुम्ही म्हणालात, "जगाची धुनी ह्या तल्यात न्हाय धूत." मी आणखी काही बोलणार तर तुम्ही मला हातानं थांबवलंत. "पावनं, आत घ्यायची घाई समद्यांना असते. भाईर कुठं काढनार, त्ये आदी सांगा."

मी रुसून निघून गेलो. तुम्ही काम बंद ठेवलंत, फोन करणाऱ्यांना थोडे दिवस थांबा म्हणालात, आणि तळ्यापासून लांब, वरच्या अंगाला खड्डा खणून घेतलात. दगड, विटांचे तुकडे, कोळसा, रेती. वर केळी लावल्यात. तेच आजचं केळीचं बेट. मी येऊन बघितलं तेव्हा पाइप जोडायचं काम तेवढं माझ्यासाठी ठेवलं होतं तुम्ही, म्हणजे जावयाचा मान राहील. बरोबर तुम्ही होता. पण त्या दिवशी मी रुसलो होतो तो सांडपाण्यावरून नव्हे. परतीच्या तरीत बसलो होतो आणि "भाईर कुठं काढनार" हे कानातून जात नव्हतं. तुम्ही गाडीबद्दल बोलत होता. मला ते गाडीबद्दल वाटलंच नव्हतं.

आता तुमच्या तांब्याबद्दल लिहितो.

तो फिरकीचा पितळी तांब्या. लेकीची कूस उजवत नाही तोवर आईनं लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही तुमच्या घरची जुनी रीत. लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा उरणला आलात तेव्हा तो तांब्या घेऊन आलात, ओट्यावर बसलात, फिरकी उघडून आपल्या विहिरीचं पाणी प्यायलात. मला गंमत वाटली. वर्षा-दोन वर्षांची गोष्ट, असं वाटलं. मग पाच झाली, दहा झाली. दर खेपेला तुम्ही, तांब्या आणि ओटा. माझी आई चहा घेऊन पुढे व्हायची आणि तुम्ही हात जोडायचात. शेजारच्या बायका विचारायच्या, विहीणबाई पाण्याला का शिवत नाहीत? तुम्ही हसून सांगायचात, "उरनचं पानी खारट वो. मला सोसत न्हाय."

आमचं घर मिठागरवाल्यांचं. बाप, आजा मिठात राबलेले. आमचं पाणी खारट म्हणणं मला फार लागायचं. मला वाटायचं, ही बाई दर वेळी तांब्या घेऊन येते ती आम्हाला आठवण करून द्यायला. तुम्ही आलात की मी ट्रेलर घेऊन निघून जायचो. भाडं नसलं तरी.

इथवर लिहिलं आणि थांबलो. पुढचं लिहायचं तर ते माझ्या एकट्याचं नाही. वनिता बाहेर नळाखाली भांडी घासत होती. मी दारात जाऊन म्हटलं, "ते लिहू का? आईला?" तिनं हात धुतले, पदराला पुसले. मी परत येऊन बसलो. मग बाहेरून पत्र्यावर थाप पडली. मी वाट बघत राहिलो. दुसरी पडली.

तर मामी, ऐका. लग्नाला चार-पाच वर्षं झाली तेव्हा आम्ही पनवेलला जाऊन तपासण्या केल्या होत्या. डॉक्टरनी दोघांना समोर बसवून सांगितलं. कमी माझ्यात होती. तुमच्या लेकीत काहीही नव्हतं. येताना एसटीत वनिता म्हणाली, "कुणाला सांगू नका. तुम्हाला लोक नावं ठेवतील, ते तुम्हाला झेपणार नाही. माझ्यावर राहू दे." मी नको म्हणायला हवं होतं. एवढा एक शब्द. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्यानंतर मी बरीच वर्षं खिडकीबाहेरच बघत होतो.

तुम्ही तिला देवीला नेलंत, ओट्या भरल्यात, उपास करायला लावलेत. डोंगरातल्या वैदूकडून मुळ्या आणून त्यांचा काढा पाजलात. तो कडू काढा ती प्यायली, ज्याची तिला गरज नव्हती तो. परत आली की मला सांगायची, "फार कडू होता हो," आणि हसायची. मी म्हणायचो, नको पिऊ. त्याच्या पुढचं वाक्य म्हणायचो नाही. आणि तुमच्या तांब्यावर रुसायचो मी! जो तांब्या माझ्यासमोर ठेवायचा तो तुम्ही तिच्यासमोर ठेवत होता, आणि अपमान माझा होत होता. बघा आता.

एकदाच वनिता माझ्यावर चिडली. मी म्हटलं होतं, तुझी आई मुद्दाम करते. ती म्हणाली, "तुम्हाला काही कळत नाही. आई पाणी पीत नाही, कारण तिला अजून वाटतं की होईल. ज्या दिवशी ती आपल्या घरचं पाणी प्यायली, त्या दिवशी तिनं आशा सोडली असं होईल. माझ्यासाठी तहानलेली बसते ती."

मी दोन दिवस ट्रेलर चालवला, पण गाडीत रेडिओ लावला नाही.

आणि मग तुमची ती चलाखी. अजून आठवलं की हसू येतं. तुम्ही एका पाहुण्याला विचारलं होतं म्हणे, "ह्ये घर का गाडी?" तो म्हणाला, मावशी, आतून घर, पण आरटीओच्या कागदावर गाडीच. तेवढं तुम्ही पदराच्या गाठीला बांधून ठेवलंत. मग वनिताला फोन. ज्यांची स्वतःची गाडी नाही अशी माणसं पण येतात, त्यांना द्यायला एक गाडी हवी, पावन्यांना सांग बनवायला. मला वाटलं, धंद्याचं बोलताय. मी शाळेची भंगारात निघालेली मिनीबस घेतली. वर्षभर, भाडं नसेल त्या त्या दिवशी, आमच्या अंगणात तिच्यावर खपलो. बाकं काढली, बिछाना केला, ओटा केला, पाण्याची टाकी बसवली. वनितानं पडदे शिवले. तुम्ही फोनवर विचारायचात, "चूल बसवली काय? आदी चूल बसवा."

तयार झाली तशी पेणवरून फिरून घेऊन आलो. तुम्ही मागे उभ्या. तल्याकडं, तल्याकडं, डोंगराकडं जरा, एक थाप. पहिला खुंटा. मी पाइप लावला, वायर लावली. तुम्ही पायरीशी येऊन उभ्या राहिलात. हातात तांब्या नव्हता. ते माझ्या लक्षात आलं, पण अर्थ लागला नाही.

"पावनं, ह्या नलाला पानी कुनाचं?"

"तुमचंच की, मामी. विहिरीचं."

"आनि करंट?"

"तुमचाच."

"घर हाय का गाडी हाय ही?"

"कागदावर गाडी."

"मंग," तुम्ही पायरी चढलात आणि बाकावर मांडी घालून बसलात, "बाय, च्या ठेव."

वनिता माझ्याकडे बघायला लागली. तिला माझ्याआधी कळलं. चहात घालायची साखर तिनं ओट्यावर सांडली. तुमची विहीर, तुमची वीज, आणि लेकीचा संसार मधे चाकांवर उभा. रीत मोडली नव्हती, आशा सोडली नव्हती, आणि लेकीच्या हातचा चहा तुम्ही बशीत ओतून फुर्र फुर्र करत पीत होता. जगात मोठमोठे वकील असतील. आमच्या मामींसारखी पळवाट कुणी काढून दाखवावी.

मग तुम्ही जेवायलाच थांबलात. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण. पहिला घास घेतलात आणि म्हणालात, "मीठ जास्त हाय."

वनिता रडायलाच लागली. तुम्ही घाबरलात. "अगो, खान्याजोगं हाय, मी आपली म्हटलं..." तुम्हाला कळेना. इतक्या वर्षांत तिच्या स्वयंपाकाला तिच्या आईनं कधी नाव ठेवलं नव्हतं. ठेवणार कुठून? शेजारणींच्या आया येतात, नाकं मुरडतात, जास्त तिखट केलंस म्हणतात. ते तिला कधी मिळालंच नव्हतं. मी म्हटलं, "मिठागरवाल्यांची सून आहे, मामी. मीठ असणारच." तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. सरळ माझ्याकडे. पदर न ओढता.

त्याच दुपारी माझा धीर झाला. वनिता तळ्यावर गेली होती. तुम्ही बाकावर सुपारी कातरत होता. मी कप विसळत होतो, तुमच्याकडे पाठ होती, म्हणून जमलं असेल. म्हटलं, "मामी, तुम्हाला एक सांगायचं होतं. बरीच वर्षं राहिलंय. वनिताला जे..."

तुम्ही पत्र्यावर थाप मारलीत. एकच.

मी वळून बघितलं. तुमची नजर सुपारीवर होती. "पावनं," तुम्ही म्हणालात, "गाडी लागलीय जागेवर. आता उगा हलवू नका."

तेव्हापासून मी तुमच्याशी भांडतोय, मामी. मनातल्या मनात, ट्रेलर चालवताना, बंदराच्या रांगेत. तुम्हाला माहीत होतं का? कधीपासून? काढा पाजताना होतं, का नंतर कळलं? वनिता शपथेवर सांगते, तिनं सांगितलं नाही. मग नुसतं माझ्या पाठीवरून ओळखलंत? गाडी मागे येताना नुसत्या चाकाच्या वळणावरून ड्रायव्हरच्या मनात काय आहे ते ओळखायचात, तसं?

आणि माहीत होतं तर मला बोलू का दिलं नाही? मला वाचवलंत ते कळतं. पण मला पटलेलं नाही, अजूनही नाही. चुकीच्या जागी लागलेली गाडी हलवावीच लागते, हे तुम्हीच लोकांना सांगायचात. एका पाहुण्याला तर तुम्ही भर पावसात गाडी काढून पुन्हा लावायला लावली होती. तुमच्या लेकीच्या नावावर जे लागून राहिलं होतं, ते तिथून काढून माझ्या नावावर लावायचं होतं मला, तुमच्या डोळ्यांदेखत. त्या एका थापेचा मान राखत मी थांबलो. उद्या सांगू, पुढच्या खेपेला सांगू. आणि मग अलिबागहून फोन आला तेव्हा मी बंदराच्या गेटवर रांगेत होतो, पुढे गाड्या, मागे गाड्या. पोचेपर्यंत संपलं होतं.

म्हणून हे लिहितोय. माझ्या घरच्यांनाही वाचायला देणार आहे, तुमच्या दिरांनाही देणार आहे, शेजारणींनाही. मला नावं ठेवू द्या. झेपेल मला. वनिताला इतकी वर्षं झेपलं, तर मला न झेपायला काय झालं? बाहेर कुठं काढायचं ते ठरवायला मला वेळ लागला, मामी, पण तळ्यात नाही सोडलं. एवढं माझ्याबद्दल तुम्हाला वाटू दे.

शेवटचं सांगतो. हे मला स्वतःला आज सकाळीच कळलं. वनितानं इतके दिवस पोटात ठेवलं होतं. आम्ही दोघं अशीच.

हॉस्पिटलात तुमच्याजवळ ती एकटी होती. तुम्ही पाणी मागितलंत. ती घरून घाईघाईत निघाली होती, तिच्या पिशवीत आमच्या घरच्या माठातून भरलेली बाटली होती, तेवढीच. तिनं ती बाटली हातात घेतली आणि तशीच बसून राहिली. बाहेर जाऊन दुसरं आणावं का, असं म्हणे तिच्या मनात आलं. तेवढ्यात तुम्ही डोळे उघडलेत आणि विचारलंत, "कुठलं पानी?"

खोटं बोलणं सोपं होतं. आपल्या विहिरीचं आहे म्हटली असती तरी तुम्ही ओळखलं नसतं. पण माझ्यासाठी जन्मभर खोटं बोललेली ती बाई तुमच्याशी नाही बोलली. म्हणाली, "आमच्या घरचं, आई. उरणचं."

तुम्ही तिच्याकडे बघितलंत. मग म्हणालात, "आन."

तिनं चमच्यानं पाजायला घेतलं तर तुम्ही मान हलवलीत. बाटलीच तोंडाला लावायला लावलीत. दोन घोट घेतलेत, थांबलात, आणखी एक घेतलात. ओठ पुसलेत आणि म्हणालात,

"खारट न्हाय की."